पार्क 'बघून झालं' असं नसतं हो!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या आईवडलांनी काय काय बघावं म्हणून तुमच्या पुरवणीत मधे एक पान आलं होतं. नायगरा, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, डिस्ने, आणि वेळ उरला तर लास व्हेगास. मी तेव्हा इथेच होतो, ओहायो राज्यात कोलंबसला, लेकीकडे. वाचून हसू आलं कारण यातलं नायगरा सोडलं तर आम्ही काहीच बघितलं नाही आणि तरी सहा महिने कसे गेले कळलं नाही. आम्ही सबंध सीझन रोलर कोस्टर केले. हो, वय ६४, एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून रिटायर, गाव सांगली. हसायचं ते आत्ताच हसून घ्या मग पुढे वाचा.

मागच्या खेपेला आलो तेव्हा जे सगळ्यांचं होतं तेच आमचं झालं होतं. पहिले पंधरा दिवस कौतुक, मग लेक-जावई ऑफिसला, नात शाळेत, आणि आम्ही दोघं खिडकीतून रस्त्यावर कोण येतंय का बघत बसलेलो, आणि कोणी येत नाही, कारण इथे रस्त्यावर कोणी चालतच नाही. त्यामुळे या वेळी जानेवारीतच नातीनं फोनवर सांगून टाकलं, आबा तुम्ही येताय ना, मग आपण सीझन प्लॅन करायचा. ती दहा वर्षांची आहे आणि तिला कोस्टरचं वेड आहे, म्हणजे कुठला कोस्टर किती फूट, कुठल्या कंपनीनं बनवला, सगळं तोंडपाठ. पाढे मात्र नाहीत. असो.

आता सीझन म्हणजे काय ते सांगतो. इथली राइडची पार्कं बारा महिने चालत नाहीत, ओहायो-पेनसिल्व्हेनियात हिवाळ्यात बर्फ, त्यामुळे एप्रिलच्या शेवटाला किंवा मेमध्ये फक्त शनिवार-रविवार उघडतात, मेच्या शेवटच्या सोमवारी यांची एक सुट्टी असते तिथपासून रोज चालू, ऑगस्टच्या मध्याला शाळा भरल्या की परत आठवड्याचे दिवस कमी होत जातात, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भुताखेतांच्या सणाचे वीकेंड. ते संपले की कुलूप. म्हणजे साधारण सहा महिने. आणि व्हिसावर आम्हा म्हाताऱ्यांना राहायला देतात तेही साधारण सहा महिनेच. एवढा योग जुळून आलेला असताना माणसं घरात बसून मालिका बघतात!

दुसरं म्हणजे हे प्रादेशिक पार्क आणि डिस्ने यात फरक आहे. डिस्ने म्हणजे काशीयात्रा, आयुष्यात एकदा, विमानानं, वर्षभर पैसे साठवून. आणि ही जी पार्कं आहेत ती गावच्या जत्रेसारखी. दोन-तीन तासांच्या अंतरावरची माणसं दरवर्षी येतात, आजोबा ज्या कोस्टरमध्ये पोर असताना बसले त्यातच नातवंडांना घेऊन बसतात, सीझन पास काढलेला असतो त्यामुळे संध्याकाळी दोन तास येऊन चार राइड मारून घरी जेवायला परत. आपल्याकडे मिरजेच्या उरुसात पाळण्यात बसायला मी लहानपणापासून दरवर्षी जायचो, कोणी म्हणालं नाही की अरे मागच्या वर्षी बसलास की, आता कशाला.

तर प्लॅनिंग. लेकीच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं, त्यावरच केलं. नातीनं जानेवारीत प्रत्येक पार्काच्या तारखा बघून लाल पेनानं खुणा केल्या, सौभाग्यवतींनी एकादश्या आणि चतुर्थ्या बघून त्यातल्या दोन खोडल्या (आषाढीला कोस्टर नको म्हणाली, मी म्हटलं पंढरपूरला नाही तर नाही, निदान चालणं तरी होईल, पण नाही), जावयानं ऑफिसच्या सुट्ट्या लावल्या. शनिवार कधीच नको, ४ जुलैच्या आसपास नको, ऑक्टोबरचे शनिवार तर अजिबातच नको. मंगळवार-बुधवार उत्तम. शाळा सुटायच्या आधीचा आणि भरल्यानंतरचा काळ उत्तम, पण नातीची शाळा त्यात येते म्हणून ऑगस्टनंतर रविवार धरले, शनिवारपेक्षा रविवारी संध्याकाळी गर्दी कमी असते कारण दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कामावर जायचं असतं. पार्काची वेळही रोज वेगळी असते, एक दिवस रात्री आठला बंद तर दुसऱ्या दिवशी दहाला, ते कॅलेंडर बघितल्याशिवाय निघायचंच नाही. पास आदल्या वर्षीच्या शरद ऋतूत, म्हणजे सीझन संपता संपता घेतला तर स्वस्त पडतो, आणि दोन-तीन खेपांत पैसे वसूल. सीडर पॉइंट आणि किंग्ज आयलंड ही ओहायोतली दोन मोठी पार्कं एकाच कंपनीची आहेत, २०२४ च्या जुलैत त्यांची कंपनी आणि सिक्स फ्लॅग्ज ही दुसरी पार्कवाली कंपनी एकत्र झाल्या, त्यामुळे पास घेताना दोन्हीकडे चालेल असा घ्यावा.

पहिलं किंग्ज आयलंड, सिनसिनाटीजवळ, घरापासून दीड तास. १९७२ चं पार्क. तिथे द बीस्ट नावाचा लाकडी कोस्टर आहे १९७९ चा, लांबी ७३६१ फूट, म्हणजे सव्वादोन किलोमीटर, जगातला सगळ्यात लांब लाकडी कोस्टर आजही हाच, आणि राइड चार मिनिटांच्या वर. मी दुपारी दोनला बसलो. खरं सांगू का, काही विशेष वाटलं नाही. पहिला उतार बरा, मग नुसती झाडी, मग परत एक चढ, संथ, मला वाटलं एवढ्यासाठी तासभर उभे राहिलो. नात म्हणाली आबा तुम्ही आत्ता बसलाच नाहीत, रात्री बसायचं असतं. मी म्हटलं बघून झालं की. तर तिनं जे तोंड केलं ते मी विसरणार नाही.

रात्री साडेनऊला परत बसलो. आणि संपादक साहेब, तो कोस्टर वेगळाच होता. बीस्ट जंगलातून जातो आणि त्या जंगलात दिवे नाहीत. म्हणजे पुढचा रूळ कुठे वळतोय ते दिसतच नाही, फक्त लाकडाचा खडखडाट आणि झाडांचा गार वारा. दुसरा चढ जो दुपारी कंटाळवाणा वाटला होता तो रात्री संपता संपेना, वर आकाश, खाली काळोख, साखळीची खटखट, आणि मग तो जो उजवीकडे डावीकडे न कळता बोगद्यात गरगरत नेतो तिथे मी मोठ्यानं कोणाला हाक मारली कोणास ठाऊक, नात म्हणते मी "अगं आई गं" असं ओरडलो. दिवसभराच्या उन्हानं रुळावरचं ग्रीस पातळ झालेलं असतं त्यामुळे लाकडी कोस्टर संध्याकाळी जास्त पळतात, हे मला नंतर कळलं पण मेकॅनिकला ते आपसूक कळायला हवं होतं, थंडीत सकाळी गाडी कशी जड चालते आणि तापली की कशी मोकळी होते ते आयुष्यभर बघितलंय.

मशिनरीचं आलंच आहे तर थोडं सांगू द्या, बरेच लोक भीतीपोटी बसत नाहीत म्हणून. मी पहिल्या दिवसापासून राइड कमी आणि चाकं जास्त बघत होतो. कोस्टरच्या डब्याला तीन तऱ्हेची चाकं असतात, वरून रुळावर चालणारी, बाजूनं धरणारी, आणि रुळाच्या खालून अडकवलेली. म्हणजे डबा रुळाला तिन्ही बाजूंनी कवटाळून असतो, वर उडूच शकत नाही. खालचं चाक जॉन मिलर नावाच्या माणसानं काढलं, १९१९ चं पेटंट, आणि त्यानंतरच कोस्टरचे उतार खरे उतार झाले. चढावर जी खटखट ऐकू येते ती रॅचेट, साखळी तुटली तरी डबा मागे घसरत नाही. आणि ब्रेक! आमच्या मोठ्या गाड्यांमध्ये एअर गेली की स्प्रिंगनं ब्रेक आपोआप लागतो, गाडी सुटत नाही तर अडकते, तसंच इथे, हवेनं ब्रेक उघडतो, हवा गेली की बंद. नवीन कोस्टरना तर चुंबकाचे ब्रेक, त्यांना वीजही लागत नाही. शिवाय रेल्वेसारखे ब्लॉक, पुढची गाडी ब्लॉकमधून गेल्याशिवाय मागची त्यात शिरत नाही. म्हणून कधी कधी कोस्टर मधेच चढावर थांबतो आणि लोक घाबरतात, अहो तो बिघडला म्हणून नाही, शहाणा आहे म्हणून थांबला. लाकडी कोस्टरचा रूळ रोज सकाळी माणूस पायी चालून तपासतो. हिवाळ्यात डबे खोलून एकेक भाग तपासतात, आपल्या गाड्यांचं वर्षाचं पासिंग असतं तसं, फक्त जरा मनापासून.

तरी तब्येतीचं बघायलाच हवं. मी निघायच्या आधी सांगलीत आमच्या डॉक्टरांना विचारून आलो, गुडघा आणि पाठ दाखवून. हार्टचा, मानेचा, पाठीचा त्रास असेल तर बसू नका असं प्रत्येक राइडच्या तोंडाशी लिहिलेलं असतं आणि ते उगीच लिहिलेलं नसतं. आणि आईवडलांसाठी जो प्रवासाचा विमा काढतात त्यात असल्या राइड चालतात का ते आधी वाचा, आम्ही वाचलं तेव्हा एका विम्यात नव्हतं म्हणून दुसरा घेतला.

जूनमध्ये इंडियानातलं हॉलिडे वर्ल्ड. गावाचं नाव सांता क्लॉज! खरंच. १९४६ ला सांता क्लॉज लँड म्हणून सुरू झालं. साडेचार तास गाडी, पण एक गंमत, ते गाव एक तास मागच्या टाइम झोनमध्ये आहे, त्यामुळे आम्ही पहाटे पाचला निघून नऊच्या आधी पोचलो आणि जावई सगळ्यांना सांगत सुटला बघा किती फास्ट चालवली. परत येताना तो तास वसूल झाला अर्थात. इथे २००० सालापासून कोल्ड्रिंक फुकट, हवं तितकं, पार्किंग फुकट, उन्हाचं क्रीमसुद्धा फुकट. आमच्याकडच्या लग्नात पन्ह्याच्या टेबलाशी जशी गर्दी असते तशी मला वाटलं होतं इथे असेल, पण फुकट आहे म्हटल्यावर कोणी हपापून पीत नाही. आम्ही प्यालो. द व्हॉयेज म्हणून २००६ चा लाकडी कोस्टर आहे, नातीचा लाडका, मी एकदा बसलो आणि पाठ म्हणाली बास. सांगलीहून जतला जुन्या गाडीत मागच्या सीटवर बसून गेलेल्याला कल्पना येईल.

जुलैत पिट्सबर्ग. आता पिट्सबर्गला मराठी माणूस गेला की व्यंकटेशाच्या देवळात जातोच, १९७६ चं देऊळ आहे, टेकडीवर, दहीभात फार सुंदर. तुमच्या यादीतही देऊळ असतं. पण तिथून अर्ध्या तासावर केनीवुड आहे हे कोणी सांगत नाही! आम्ही सकाळी दर्शन, दुपारनंतर केनीवुड असा बेत केला. हे पार्क १८९८ चं. आणि ते कोणी काढलं माहितीये का, ट्राम कंपनीनं. शनिवार-रविवारी ट्राम रिकाम्या धावायच्या म्हणून लाइनच्या टोकाला झाडीत पार्क काढलं, की लोक फिरायला येतील आणि ट्राम भरेल. मी तिथल्या बाकावर बसून हे ऐकलं आणि पस्तीस वर्षांची एसटी डोळ्यांपुढे आली. आपण जत्रेला जादा गाड्या सोडतो, यांनी जादा गाड्यांसाठी जत्रा काढली!

केनीवुडला जॅक रॅबिट आहे, १९२० चा, शंभरी ओलांडलेला, त्याच जॉन मिलरचा. दिसायला साधा, दरीच्या उतारावर बांधलेला त्यामुळे निघाल्या निघाल्या चढ नाही, आधी घसरतो मग साखळी लागते. आणि शेवटी एका उतारात मधेच दुसरा उतार, तिथे बूड सीटवरून चांगलं वीतभर वर. मी चार वेळा बसलो. शेजारी एक गोरे आजोबा होते माझ्याच वयाचे, त्यांनी बरोबर त्या जागी हात वर केले, डोळे मिटलेले होते त्यांचे. थंडरबोल्ट म्हणून दुसरा आहे त्यात एकट्याला बसूच देत नाहीत, जोडीदार लागतो. नातीची उंची कमी पडली, जावई तळलेले बटाटे आणायला गेलेला, मग रांगेतला एक अनोळखी पोरगा म्हणाला चला काका मी येतो, आणि आम्ही दोघं शेजारी शेजारी बसून प्रत्येक वळणाला एकमेकांवर आदळत आलो, उतरल्यावर हात मिळवला. त्याचं नावही माहीत नाही मला.

एक वाईट अनुभव पण सांगतो, पार्काचं नाव घेत नाही. तीन तास गाडी चालवून ज्या एका कोस्टरसाठी गेलो तोच दिवसभर बंद. गेटवर बोर्ड नाही, खिडकीत विचारलं तर पोरानं खांदे उडवले, पैसे परत मिळणार नाहीत म्हणाला. नात रडवेली झाली. तेव्हापासून सकाळी निघायच्या आधी फोनवर बघायचं काय चालू काय बंद, आणि एका कोस्टरसाठी कुठेच जायचं नाही, निदान तीन तरी मनातले असले पाहिजेत. पावसाचंही तसंच, विजा चमकल्या की सगळं थांबवतात, लोक वैतागून घरी जातात, आणि तासाभरात आकाश मोकळं झालं की रांगा रिकाम्या. आम्ही कोकणात पाऊस काढलेली माणसं, छपराखाली भडंग खात थांबलो. (भडंग सांगलीहूनच आणलं होतं, पाच किलो, कस्टममध्ये विचारलं नाही.)

आता सीडर पॉइंट. सँडस्की गाव, घरापासून दोन तास, ईरी तळ्यात शिरलेल्या एका चिंचोळ्या जमिनीवर हे पार्क आहे, १८७० पासूनचं. तळं म्हणायचं पण पलीकडचा काठ दिसत नाही, समुद्रच. गाडी पुलावरून जाते तेव्हा समोर नुसते कोस्टरचे डोंगर, नात ते लांबून नावं घेत ओळखते जसे आपण ट्रेनमधून गडकिल्ले ओळखतो. १९६४ चा ब्लू स्ट्रीक आहे, १९८९ चा मॅग्नम आहे ज्यानं पहिल्यांदा २०० फुटांची उंची ओलांडली, २००० चा मिलेनियम फोर्स ३१० फूट. आणि एक ४२० फुटांचा खांब आहे सरळ वर जाऊन सरळ खाली येणारा, त्याला मी खालूनच नमस्कार केला.

मिलेनियम फोर्समध्ये मात्र बसलो. मांडीवर एक दांडा आणि पट्टा, खांद्याला काही नाही. साखळी नाही, लिफ्टसारखी केबल ओढते आणि फार पटकन ओढते, विचार करायला वेळ देत नाही. माथ्यावर एक क्षण डावीकडे सगळं पाणी दिसलं आणि मग जमीन सरळ अंगावर. ताशी १५० किलोमीटर! अहो मी आयुष्यभर स्पीड लॉक लावलेल्या गाड्या दुरुस्त केल्या. पोटात गोळा वगैरे काही आलं नाही, डोळ्यांतून पाणी आलं आणि ते वाऱ्यानं कानात गेलं. उतरल्यावर सौभाग्यवती म्हणाली चेहरा बघा तुमचा, बाराव्या वर्षीचा दिसताय.

आणि नातीची गोष्ट. तिथे स्टील व्हेंजन्स आहे, आधी मीन स्ट्रीक म्हणून लाकडी कोस्टर होता १९९१ चा, त्याच्या लाकडी सांगाड्यावर स्टीलचा रूळ चढवून २०१८ ला नवा केला. जुन्या चासीवर नवीन बॉडी, आमच्या वर्कशॉपमध्ये हेच तर चालायचं! त्याला उंची लागते ५२ इंच. मेमध्ये नात ५१ ला जेमतेम, दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं खूण. जूनमध्ये गेलो तेव्हा काठीखाली उभी राहिली, पोरीनं मान ताणली, केस फुगवून बांधले होते, पण त्या मोजणाऱ्या मुलीनं हसून नाही म्हटलं. रडली नाही. म्हणाली आबा आपण ऑगस्टच्या शेवटाला परत येऊ. मी तिला एक गोष्ट सांगितली जी खरी आहे, माणूस सकाळी उठल्यावर रात्रीपेक्षा किंचित उंच असतो, दिवसभर उभं राहून पाठीचे मणके दबतात. तर ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी आम्ही पहाटे उठलो, पोरीला गाडीत दोन तास मागच्या सीटवर आडवी झोपवून (पट्टा बांधून, काळजी नको), गेट उघडल्या उघडल्या सरळ तिथे, कुठेही न थांबता. ५२. अगदी काठीला केस घासून. मी खालीच थांबलो कारण कोणीतरी पिशवी धरायला हवी, आणि खरं तर मला ती उतरताना बघायची होती. बापाबरोबर गेली, आली तेव्हा आवाज बसलेला. चार वेळा गेली त्या दिवशी.

हे एकदा बघून येणाऱ्याला मिळत नाही हो. बीस्ट दुसऱ्यांदा कळला, जॅक रॅबिट चौथ्यांदा, स्टील व्हेंजन्स तर दुसऱ्या खेपेला मिळाला. आणि आपलं काय असतं, बघून झालं. गड बघून झाला, धबधबा बघून झाला, फोटो टाकले, संपलं. १९८९ ला एस्सेल वर्ल्ड उघडलं तेव्हाची ती जाहिरात माझ्या पिढीला अजून पाठ आहे, सांगलीहून शाळेच्या सहली जायच्या, रात्रभर प्रवास, मग बोटीतून गोराई. लेकीला मी पाठवलं होतं. तिला विचारलं तू किती वेळा गेलीस, म्हणाली एकदा, बघून झालं होतं ना. २०२२ ला ते बंद झालं. कारणं बरीच असतील, जमिनीची, पैशाची, मला त्यातलं कळत नाही, पण बंद झाल्याची बातमी वाचून हळहळणाऱ्यांत मी पण होतो आणि मी तर एकदाही गेलो नव्हतो! इथे ओहायोतही जिओगा लेक म्हणून पार्क होतं, शंभर वर्षांहून जुनं, २००७ चा सीझन संपला आणि मग जाहीर केलं की आता उघडणार नाही, लोकांना शेवटची राइड पण घेता आली नाही ठरवून. तिथला १९२५ चा लाकडी कोस्टर पुढे नऊ वर्षं तसाच उभा होता, मग पाडला. याच्या उलट पेनसिल्व्हेनियात नोबेल्स म्हणून पार्क आहे, तिथला फिनिक्स कोस्टर मूळचा १९४७ चा टेक्सासमधला, तिथलं पार्क बंद पडलं तेव्हा यांनी एकेक लाकूड सोडवून हजार मैलांहून लांब आणून १९८५ ला परत उभा केला. आम्ही ऑगस्टमध्ये गेलो, लांब आहे, रात्री मुक्काम केला. प्रवेश फुकट, पार्किंग फुकट, राइडपुरती तिकिटं, घरचा डबा चालतो, लोक कुत्री घेऊन येतात. बरीचशी आपल्या जत्रेसारखी जागा हीच वाटली मला. फिनिक्सच्या शेवटच्या छोट्या छोट्या उंचवट्यांवर प्रत्येक वेळी माणूस सीटवरून उचलला जातो, वीस वेळा, म्हणजे वीस नसेल, मी मोजले नाहीत.

तर आता पुढच्या आठवड्यात आमचं विमान. पण सीझन संपला असं नाही कारण आपल्याकडे बर्फ नसतो. खोपोलीला इमॅजिका आहे २०१३ पासून, तिथला नायट्रो स्विस कंपनीचा आहे, ज्या कंपनीचे सीडर पॉइंटला आणि किंग्ज आयलंडला मोठे मोठे कोस्टर आहेत तीच कंपनी. ताशी शंभराच्या वर. मी एकदा भाचीच्या कुटुंबाबरोबर गेलो होतो आणि खाली उभा राहून पिशव्या सांभाळल्या, आता नोव्हेंबरात दिवाळीची सुट्टी संपली की एखाद्या मंगळवारी जाणार, आणि मार्चमध्ये परीक्षांच्या वेळी परत जाणार. जानेवारीत हैदराबादला वंडरला. जमलं तर कोलकात्याला निको पार्क, १९९१ चं, तिथे सायक्लोन म्हणून लाकडी कोस्टर आहे, लाकडी! भारतात! चार जण तयार आहेत आमच्या कट्ट्यावरचे, एकजण बायपासवाला आहे त्याला पिशव्यांना ठेवू.

आणि एसटीला एक सुचवायचं आहे, घरचाच माणूस म्हणून. ट्राम कंपनीनं १८९८ ला जे केलं ते आपण उलटं करू शकतो, पार्क आयतं आहे, रविवारी सांगली-कोल्हापूर-साताऱ्याहून खोपोलीला एक जादा गाडी सोडून बघा, सकाळी जाऊन रात्री परत, तिकीट आणि प्रवेश एकत्र. अष्टविनायकाला सोडता तशी. भरली नाही तर बंद करा. पण एका रविवारवरून ठरवू नका.

तुमच्या पुरवणीला विनंती एवढीच की पुढच्या वर्षी ते पान छापाल तेव्हा ते मेमध्ये नको, जानेवारीत छापा. मेमध्ये वाचून सीझन ठरवता येत नाही.

आपला,
एक वाचक, सांगली
(मुक्काम सध्या कोलंबस, ओहायो)

ता.क. सौभाग्यवतींचं म्हणणं आहे की पत्रात तिचं फारसं काही आलं नाही, फक्त तारखा खोडणारी दाखवली. तर नोंद करावी की नोबेल्सला १९१३ चा लाकडी घोड्यांचा फिरता पाळणा आहे, चालू असताना बाहेर वाकून एका नळकांड्यातून लोखंडी कड्या ओढायच्या, त्यात पितळी कडी हाताला लागली तर पुढची फेरी फुकट. मी सहा फेऱ्या वाकलो, खांदा दुखला, सगळ्या लोखंडी. ती एकदाच बसली, नऊवारी सांभाळत, आणि पितळी घेऊन उतरली.